स्तूपातला ओनसी

बान नासाक या गावच्या विहारात, मागच्या भिंतीला लागून, छोट्या स्तूपांची एक रांग आहे. पुरुषभर उंचीचे, चुना दिलेले, प्रत्येकाच्या पोटात एकेका माणसाची हाडं. त्या रांगेतला शेवटचा स्तूप ओनसीचा. तो बांधला गेला तेव्हा ओनसी उत्तरेच्या डोंगरात एका गुहेत बसला होता आणि आपण वारलो आहोत याची त्याला कुणकुणही नव्हती.

ओनसी या गावचा नव्हे. बुआलॉयशी लग्न करून तो तिच्या घरी राहायला आला, जसे सगळेच जावई येतात. सेबांगफाय नदीच्या काठी सासूची भातजमीन होती, दोन रेडे होते आणि मत मांडायला स्वतः सासू होती. ओनसीच्या वाट्याला नांगर आला. वान नावाची मुलगी झाली आणि ती रांगायला लागायच्या आत सैन्याचा ट्रक आला. देशात तेव्हा दोन सैन्यं होती आणि दोघांनाही माणसं कमी पडत होती. ज्याचा ट्रक आधी गावात पोचेल, त्याच्या बाजूनं गाव लढे. ओनसी राजाच्या बाजूचा झाला तो एवढ्याच कारणानं.

सासूचं नाव पेंग. तिनं जावयाला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. थोरल्या भन्त्यांकडून तिनं एक मंतरलेला सदरा करून आणला. आतून घालायचा, पांढऱ्या सुती कापडाचा, त्यावर चौकोन आणि आकडे आणि पाली अक्षरं. खालच्या काठावर भन्त्यांनी ओनसीचं नाव घातलं होतं, म्हणजे संरक्षण चुकून शेजारच्याकडे जाऊ नये. सदऱ्याला तीन पथ्यं होती. बायकांची लुगडी वाळत असतील त्या दोरीखालून जायचं नाही, आईला शिवी द्यायची नाही, आणि दुधी भोपळा खायचा नाही. पहिली दोन सैन्यात आपोआप पाळली गेली. तिथं लुगडी नव्हती आणि आई गावाकडे होती.

तिसऱ्यानं घात केला.

तुकडी दक्षिणेच्या पठारावर, एका सोडून दिलेल्या कॉफीच्या मळ्यात पडून होती. वरून येणारा शिधा बंद झाला होता आणि वरचे साहेबही. मळ्याच्या राखणदाराच्या झोपडीवर दुधीचा वेल चढला होता. ओनसीनं बरेच दिवस त्याच्याकडे बघून काढले. मग एका दुपारी त्यानं त्यातला एक काढला, मिठाशिवाय शिजवला आणि खाल्ला. चव कशी होती हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. गरम होता एवढं आठवायचं.

तुकडीत खियाट नावाचा एक पोरगा होता. खियाट म्हणजे बारकं बेडूक, आणि तो तसाच होता. मांड्या तेवढ्या मजबूत. सोनाबाई नावाच्या शर्यतीच्या होडीत शेवटून दुसऱ्या पाटावर आपण बसतो, हे त्यानं तुकडीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं आणि काहींना दोनदा. कुठं दुधी शिजायला लागला की तो उठून जायचा. पोटाला बाधतो म्हणायचा.

त्या दुपारी तो भांड्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"दादा, दुधी खाल्लात?"

"हं. तुला वाटीभर ठेवलाय."

"मला नको." त्यानं ओनसीच्या छातीकडे बोट केलं. "म्हणजे सदरा आता गेला?"

"गेला नाही. उलटला. पथ्य मोडलं की उलटा बाधतो म्हणतात."

"पथ्य तुम्ही मोडलंत. सदऱ्यानं काय केलंय?"

"तेही खरं."

"मी नाही मोडलेलं," खियाट म्हणाला. "मला द्या की."

ओनसीनं विचार केला. घातला असता तर तो बाधला असता, आणि नुसता पिशवीत ठेवून फुकट गेला असता. त्यानं तो काढून दिला. खियाटला तो गुडघ्यापर्यंत आला. तुकडीतले हसले. कुणी म्हणालं, आता बेडकाला गोळी सापडायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी लढाई झाली. लढाई म्हणून सांगण्यासारखं ओनसीजवळ फार थोडं आहे. कॉफीला बहर आला होता. झाडाझाडावर पांढरी फुलं होती आणि तोफगोळा पडला की ती सगळी एकदम खाली यायची. त्याच्या कानात शिट्टी वाजत होती. ती थांबली तेव्हा तो एका झाडाखाली बसला होता, बुटाची नाडी हातात धरून, आणि समोर दुसऱ्या बाजूचा एक पोरगा बंदूक घेऊन उभा होता.

"दादा, उठा," तो पोरगा म्हणाला. बोलण्यावरून आपल्याच नदीकाठचा वाटत होता. "संपलं. तुम्ही हरलात."

"कधी?"

"मगाशी."

"नाडी बांधतो," ओनसी म्हणाला.

"बांधा. लांब चालायचंय."

खरोखरच लांब होतं. जंगलातून, रात्री चालायचं आणि दिवसा झोपायचं, उत्तरेकडे. वाटेत काही जण कमी झाले. उत्तरेला आधी डोंगरातल्या गुहेत ठेवलं, मग विमानं यायची थांबल्यावर खाली दरीत. त्यांनी तिथं पाट खणला, तळी खणली, कसावा लावला. कसाव्यात मीठ नसायचं. मीठ कशातच नसायचं.

मग युद्ध संपलं. पकडणाऱ्यांची बाजू जिंकली आणि पहारेकऱ्यांचं सरकार झालं. कैद्यांना वाटलं, आता सोडतील. त्यांना सांगण्यात आलं की आता ते कैदी राहिलेले नाहीत, विद्यार्थी आहेत. कसावा तोच राहिला. संध्याकाळी वर्ग भरू लागला, आणि दर काही दिवसांनी प्रत्येकानं आपली जीवनकथा सांगायची, चुकांसह. ओनसीच्या चुका लवकर संपल्या. शिक्षकाला तेवढ्यावर समाधान होईना. मग तो शेजारच्यांच्या चुका उसन्या घेऊ लागला. सांगून सांगून ती कथा चांगली गुळगुळीत झाली, आणि त्यात त्याचं असं काही उरलं नाही. एखाद्या परगावच्या माणसाबद्दल सांगावं तसं तो सांगायचा. शिक्षक म्हणाला, ओनसीची प्रगती आहे.

इकडे गावात, लढाईनंतर महिन्याभरानं, दुसऱ्या तुकडीतला खालच्या गावचा एक जण आटवलेल्या दुधाचा डबा घेऊन आला होता. डब्यात हाडं होती आणि सदऱ्याचा काठ. मळ्यात सापडलेल्या प्रेताला चेहरा नव्हता, पण सदरा घातलेला होता, आणि सदऱ्यावर नाव स्पष्ट होतं. सदऱ्याला स्वतःला ओरखडाही नव्हता. त्या माणसानं माणुसकीनं प्रेत जाळलं होतं आणि डबा इतक्या लांब आणला होता. त्याला घरच्यांनी जेवू घातलं. रडून झाल्यावर पेंगनं एक रेडा विकला आणि स्तूप बांधला.

*

ओनसी परत आला तो भातलावणीच्या दिवसांत, भर दुपारी. सगळे शेतात होते. पेंग तेवढी वर, घराच्या ओसरीवर, बांबूची टोपली विणत बसली होती. शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"वर येऊ नकोस," ती म्हणाली.

"बरं."

ती आत गेली आणि मूठभर खडेमीठ घेऊन आली. शिडीच्या चौथ्या पायरीवर ठेवलं. भूत असतं तर मीठ पाहून पळालं असतं. ओनसीनं ते उचललं, तोंडात टाकलं, चावलं, तळहात चाटला आणि हात पुन्हा पुढं केला.

"आणखी आहे?"

"असंय होय," म्हातारी म्हणाली, आणि मग ओरडत शेताकडे धावली.

बुआलॉय चिखलाच्या हातांनी आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच हातांनी त्याचं मनगट धरून पाहिलं. वान आता आईच्या खांद्याला लागत होती. तिनं हात जोडून त्याला "काका, जेवलात का?" असं विचारलं. तो म्हणाला, जेवलो. मीठच खाल्लं होतं, पण विचारल्यावर असंच सांगायचं असतं.

पुढचे काही दिवस गाव येऊन बघून गेलं.

"काय रे ओनसी, नऊ वर्षं तुझ्या नावानं गाव पुण्य करतंय. पोचत होतं का तिकडे?"

"नाही बुवा."

"मग जात कुठं होतं?"

"आमचा मेलेला जावई फार गुणी होता," पेंग येणाऱ्याला सांगायची. "कधी उलटून बोलला नाही. हा पण नाही बोलत म्हणा. पण त्याच्याकडे कारण होतं."

हा बोलत नाही, ही तिची खरी काळजी होती. हा जेवायचा, नांगरायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. बुआलॉय शेजारी बसली की बाजूला सरकून तिला जागा करून द्यायचा, जशी विद्यार्थ्यांच्या बाकावर करून देतात. वान पडून तिचा गुडघा फुटला तेव्हा त्यानं नीट पट्टी बांधली आणि पुन्हा कोयता परजायला बसला. काही दुखतं का? नाही. झोप लागते? लागते. मग काय होतं? काही होत नाही. आणि ते खरंच होतं; काही होत नव्हतं.

माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, एकेका अवयवाचा एकेक जीव, आणि भेदरलं की ते अंग सोडून जातात. पेंगनं गावातल्या जाणत्या आजोबांना बोलावून ख्वान परत बोलावण्याचा विधी केला. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडू, दारू, उकडलेली अंडी. आजोबांनी हाका मारल्या: कसाव्याच्या शेतात असाल तर या, गुहेत असाल तर या, कॉफीच्या मळ्यात असाल तर या. सगळ्यांनी ओनसीच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. शेवटी अंडं सोललं तर त्याच्या एका बाजूला मोठा खळगा. म्हणजे कुणी आलं नव्हतं.

पेंग खळग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपणच ढकललं याला."

"कुठं?" बुआलॉयनं विचारलं.

"तिकडे. जिवंत माणसाचं नाव दर साली चिठ्ठीवर घालून आपण त्याला मेलेल्यांत जेवायला बसवलं. ख्वान काय करतील? जेवण जिथं वाढलं तिथं जाऊन बसले."

आपल्याकडे मेलेल्यांना वर्षात दोनदा जेवण जातं. नवव्या महिन्याच्या अमावास्येला भाताचे पुडे जमिनीवर, झाडाच्या बुंध्याशी ठेवतात. ते बेवारशांचे, त्यावर कुणाचं नाव नसतं, ज्याच्या हाती लागेल त्यानं खावं. मग पंधरा दिवसांनी, दहाव्या महिन्याच्या पौर्णिमेला, टोपल्या विहारात जातात. त्यांवर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर नाव. नावाशिवाय तिथं काही पोचत नाही. नऊ वर्षं बुआलॉयच्या टोपलीवर 'ओनसी' होतं.

"या साली त्याचं नाव घालायचं नाही," पेंग म्हणाली. "नाव तिथून सुटलं की हा येईल परत. बघच."

"आणि स्तूपातल्याचं काय?"

"त्याचं काय? त्याचा पुडा अमावास्येला ठेवू जमिनीवर."

"बेवारशी?"

"मग कोण आहे तो आपला?"

बुआलॉय नवरा परत आल्यावरही स्तूपाशी भात ठेवायला जात होती. गाव हसायचं. तिचं म्हणणं एवढंच होतं की इतकी वर्षं ज्याच्याशी बोलले त्याला असं एकाएकी कसं उठवू. आता ती नवऱ्याकडे वळली. "वानचे बाबा, तुम्ही तरी सांगा. कोण होता तो?"

ओनसीनं सांगितलं. दुधीसकट सगळं सांगितलं, जीवनकथा सांगतात त्याच आवाजात.

"दुधी!" पेंग म्हणाली. "एवढा रेड्याच्या मोलाचा सदरा, आणि दुधी!"

"भूक लागली होती."

"नाव काय म्हणालास त्याचं?"

"खियाट."

"ते का नाव झालं? मी चार बेडकं ओळखते. चिठ्ठीवर खरं नाव लागतं."

"शोधतो," ओनसी म्हणाला.

दोघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परत आल्यापासून त्यानं आपण होऊन काही करायचं म्हटलं नव्हतं, पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. पेंगनं तिथल्या तिथं निकाल दिला: पौर्णिमेच्या आत नाव आण. आणलंस तर चिठ्ठीवर त्याचं नाव जाईल, तुझं सुटेल. नाही आणलंस तर तो जमिनीवर. पण तुझं नाव मी पुन्हा तिकडे पाठवणार नाही.

*

शोधायला काही कठीण गेलं नाही. खियाटला कुणी ओळखत नव्हतं, पण सोनाबाईला सगळी नदी ओळखत होती. ज्या होडीवाल्याला विचारलं, त्यानं आधी ती कोणत्या साली कुणाकडून हरली ते सांगितलं आणि मग गाव सांगितलं. बान डोनताय, जिथं सेबांगफाय मोठ्या नदीला मिळते तिथं.

विहाराच्या आवारात, छपराखाली, सोनाबाई उलटी ठेवलेली होती. तिच्या नाकाला ताज्या फुलांची माळ होती. जवळच्या घरासमोर एक म्हातारी मिरच्या वाळत घालत होती. नाव सीदा.

"आई, या होडीत शेवटून दुसऱ्या पाटावर खियाट नावाचा पोरगा बसायचा का?"

"बसायचा म्हणजे? बसतो." तिनं मान वर केली नाही. "सध्या दुसऱ्याला बसवलाय, तो येईपर्यंत."

"कुठं असतो तो?"

तिनं हनुवटीनं मोठी नदी दाखवली; तिच्या पलीकडे दुसरा देश होता. "पलीकडे. निर्वासितांच्या छावणीत. सगळी पोरं गेली तसा तोही गेला. तुम्ही कोण?"

"तुकडीत बरोबर होतो."

आता तिनं पाहिलं. मिरच्यांचे हात लुगड्याला पुसले. "वर या. जेवल्याशिवाय काही बोलू नका."

तिनं चिकट भाताची टोपली पुढं ठेवली, आंबवलेल्या मासळीची चटणी ठेवली आणि दुधीचं कालवण. ओनसी जेवायला बसला. ती समोर बसून त्याचा घास बघत होती.

"पठारावर होता ना तो तुमच्याबरोबर?"

"होता."

"मग कुठल्या छावणीत आहे ते कळलं असेल तुम्हाला. कुणी उबोनची सांगतं, कुणी आणखी लांबची. एक जण म्हणाला, विमानात बसून कुठल्या तरी थंड देशात गेला. त्याला थंडी सोसत नाही. मी म्हटलं, खोटं."

"आई," ओनसी म्हणाला, "पठारावर आमची लढाई झाली—"

"दुधी घ्या आणखी. त्याला फार आवडतो. लहानपणी शेजाऱ्याच्या छपरावर चढून चोरायचा, मार खायचा, पुन्हा चढायचा. सैन्यात मिळत होता का कधी?"

ओनसीचा हात भातात थांबला.

"मिळायचा," तो म्हणाला. "पण तो खात नसे. उठून जायचा."

म्हातारीचा चेहरा उजळला, असा की ओनसीनं मान खाली घातली.

"मग तो माझा नव्हेच! दुसरा कुणी असेल. खियाट काय, गावोगाव चार असतात. माझा पोरगा आणि दुधी सोडून उठेल? अहो, विचारा कुणालाही गावात."

"हो," ओनसी म्हणाला. "दुसराच असेल."

"तुम्ही होडीचं नाव घेतलंत म्हणून मी घाबरले."

"होड्याही पुष्कळ असतात."

सोनाबाई पुष्कळ नव्हत्या, एकच होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. ओनसीनं पुढचा घास घेतला. तो पोरगा पथ्य आधीपासून पाळत होता. सदरा अजून ओनसीच्या अंगावर असतानाच, कधीतरी आपल्याला मिळेल म्हणून, आवडता दुधी सोडून उठून जात होता. ओनसीनं हे समजून घेतलं, जसं आज वार कोणता ते समजून घेतात. घास खाली गेला. त्यानं आणखी कालवण मागितलं.

निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या खियाटचं खरं नाव काय, आई? कुठं भेटला तर कळायला."

तिनं ते सांगितलं. भन्त्यांनी ठेवलेलं, लांबलचक, चांगलं नाव होतं. ओनसीनं ते पुढं कुणालाही सांगितलं नाही, त्यामुळे ते इथंही नाही.

"पण जपून घ्या हं ते," ती शिडीपर्यंत आली. "मागच्या साली एक शहाणा मला म्हणाला, पौर्णिमेच्या चिठ्ठीवर त्याचं नाव घाल. जिवंत माणसाचं! मी त्याला मुसळ दाखवलं. चिठ्ठीवर नाव गेलं की आयुष्य तुटतं. तुम्ही नाही ना तसलं काही करणार?"

"नाही," ओनसी म्हणाला.

*

"मिळालं नाव?" पेंगनं शिडीवरूनच विचारलं.

"मिळालं."

"सांग."

"चिठ्ठीवर घालता येत नाही."

"का? मेलाय ना तो?"

"मेलाय."

"मग?"

"त्याच्या आईकडे नाही मेला."

पेंगनं तोंडातलं पान थुंकलं. अमावास्या होऊन गेली होती आणि त्या पहाटे तिनं झाडाशी एक जास्तीचा पुडा ठेवला होता, हेही तिनं आता सांगून टाकलं. बुआलॉय म्हणाली, "आणि पौर्णिमेला? टोपली तयार आहे. त्यावर काय घालू?"

"ओनसी," ओनसी म्हणाला.

त्या दिवशी घरात जे भांडण झालं ते अर्ध्या गावानं ऐकलं. जावई मुद्दाम मरायला निघालाय, असं पेंग म्हणत होती. बुआलॉय पहिल्यांदाच आईच्या बाजूनं होती. तिला स्तूपातला उपाशी नको होता, पण हा परत तिकडे गेलेलाही नको होता. "वानचे बाबा, तुमच्या नावानं नको हो. नऊ वर्षं तुम्हाला मेलेल्यात वाढलं ते न कळता. आता कळून कसं वाढू?"

ओनसी मध्ये बसला होता. "त्याला तेच नाव सवयीचं आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षं त्याच नावानं हाक ऐकतोय. आता त्याला दुसरं कुठलं देणार?"

"आणि तुला?"

त्यांनी प्रकरण थोरल्या भन्त्यांकडे नेलं.

भन्ते तेच होते, सदरेवाले. आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आधी चौकशी केली ती सदऱ्याची. दुधीचं कळल्यावर त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. बाहेर नव्या सरकारचा माणूस सायकलवरून गेला; हे सगळं म्हणजे भाताची नासाडी असं तो सभेत सांगायचा, आणि त्याच्या आईची टोपली दर साली सगळ्यांत मोठी असायची.

"एका पाटावर दोघं बसले की होडी बुडते," भन्ते म्हणाले. "एकानं उठायला हवं. तो उठू शकतो?"

"नाही," ओनसी म्हणाला.

"मग तू ऊठ."

"म्हणजे कसं, भन्ते?" पेंगनं विचारलं.

"आजारी पोराचं नाव बदलतो तसं. नाव त्याला देऊन टाकायचं, कायमचं. हा दुसरं घेईल. मग चिठ्ठीवर ओनसी असला तर तो एकच ओनसी, आणि तो मेलेला आहे. यात कुणाचं आयुष्य तुटत नाही. त्याच्या आईचं पोरगं पलीकडेच राहतं." ते ओनसीकडे वळले. "देशील?"

ओनसीला वाटलं होतं, विचार करावा लागेल. लागला नाही. ते नाव उत्तरेला त्यानं इतक्यांदा चुकांसह सांगितलं होतं की त्याला आता त्या नावाची ओढ उरली नव्हती. "घेऊ दे," तो म्हणाला.

भन्त्यांनी जन्मवार विचारला, बोटं मोजली आणि बुनलॉत हे नाव काढलं. पुण्याईनं सुटलेला. दोरे बांधले, पाणी शिंपडलं. घरी पुन्हा मनोरा झाला, पुन्हा हाका झाल्या, या वेळी बुनलॉतच्या ख्वानांना, जे मुळात कुठं गेलेच नव्हते कारण ते कालपर्यंत कुणी नव्हते. या बारकाव्यावर आजोबा थोडे अडखळले आणि दारू घेऊन पुढं गेले. अंड्याला खळगा पडला की नाही ते कळलं नाही. सोलायच्या वेळी पाहिलं तर ते वाननं खाल्लं होतं.

पौर्णिमेला बुनलॉतनं टोपली स्वतः उचलली. केळी, भाताचे लाडू, सुकी मासळी, तंबाखू आणि एक नवा सदरा, साधा. टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या मडक्यात ढवळल्या गेल्या, आणि ज्याच्या हाती जी येईल त्याची ती टोपली म्हणून भिक्खूंनी एकेक उचलली. एका तरुण भिक्खूनं वाचलं, "ओनसी." मंडपात कुणीतरी सवयीनं बुनलॉतला कोपर मारलं. तो हलला नाही. सगळं वाचून झाल्यावर त्यानं बुआलॉयच्या मागोमाग जाऊन पुण्य पोचावं म्हणून झाडाच्या मुळाशी पाणी ओतलं.

"काही वाटलं?" पेंगनं विचारलं.

त्यानं प्रामाणिकपणे तपासलं. "पाय ओले झालेत," तो म्हणाला.

म्हातारीनं यातून चांगलाच अर्थ काढला. ओले झालेले कळले म्हणाली, तेही काही कमी नाही.

नावाची सवय गावाला लागायला फार वेळ गेला. "ए ओनसी—बुनलॉत—जो कोण असशील तो, रेडा आवर!" अशा हाका वर्षभर चालू होत्या. तो सगळ्यांनाच ओ द्यायचा.

पावसाळा सरला, पाणी उतरलं आणि शर्यती आल्या. बान नासाकचे लोक दोन होड्यांतून डोनतायला गेले. काठावर दाटी होती, ढोल चालू होते, भाजक्या कोंबडीचा धूर होता. त्या गर्दीतून सीदा म्हातारीनंच त्याला शोधून काढलं आणि बाही धरली.

"अहो, पठारवाले! काही कळलं का?"

"पलीकडे आहे," तो म्हणाला. "बरा आहे म्हणतात."

"जेवतो ना?"

"जेवतो. दर साली टोपली भरून मिळते म्हणे."

"छावणीत बरी सोय दिसते." तिनं डोळ्यांवर हात धरून नदीकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे. "मागच्या वेळी तुमचं नाव विचारायचंच राहिलं. काय नाव म्हणायचं?"

"बुनलॉत."

ते तोंडातून सरळ बाहेर आलं. त्याचं त्यालाच ऐकू गेलं.

"चांगलं नाव आहे," ती म्हणाली. "तो आला की सांगीन, बुनलॉत येऊन गेला म्हणून. ओळखेल ना तो?"

"ओळखेल," बुनलॉत म्हणाला.